क्रोम सारखं बंद पडतंय, एरर दर वेळी वेगळा. फॉरमॅट मारल्याशिवाय काही उपाय आहे का?

काउंटरवरची (सोमवार, रात्री १०.५०)

नमस्कार. बार्शीत तहसीलकडे जाणाऱ्या रस्त्याला माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. दुकान म्हणजे दहा बाय बाराचा गाळा. एक झेरॉक्स मशीन, एक प्रिंटर-स्कॅनर, एक कॉम्प्युटर आणि मी.

गेले तीन आठवडे क्रोमने जीव नकोसा केलाय. सकाळी दहाला शटर उघडते, तेव्हा तासभर काही तक्रार नसते. बाराच्या सुमाराला काउंटरवर पाच-सहा माणसं जमली की टॅब एकदम पांढरा पडतो. मधोमध ते रडक्या तोंडाचं चित्र, त्याखाली 'ऑ, स्नॅप!' आणि त्याखाली बारीक अक्षरात एरर कोड. रिलोड केलं की पान येतं, पण भरलेला फॉर्म गेलेला असतो. कधी कधी तर चित्रही नाही आणि कोडही नाही, अख्खी विंडोच गायब. डेस्कटॉपवरचा आमचा भगवंत मंदिराचा फोटो तेवढा समोर दिसतो.

आज वैरागचे एक आजोबा उत्पन्नाच्या दाखल्यासाठी आले होते. सगळं भरून झालं, फोटो जोडायचा राहिला आणि टॅब गेला. परत भरलं, परत गेला. तिसऱ्यांदा गेल्यावर आजोबा म्हणाले, "राहू दे पोरी, मशीनला माझं उत्पन्न पटत नसंल." काउंटरवरचे सगळे हसले. मीही हसले, पण रडूच यायचं बाकी होतं.

आतापर्यंत काय काय केलं ते सांगते. कॅशे, कुकीज, हिस्टरी सगळं साफ केलं. क्रोम काढून दोनदा नव्याने टाकलं, व्हर्जन अपडेटेड आहे. मराठी टायपिंगचं एकच एक्स्टेंशन होतं, तेही काढलं. अँटिव्हायरसचा फुल स्कॅन केला, काही सापडलं नाही. इथला दुरुस्तीवाला म्हणतो फॉरमॅट मारू, पाचशे रुपये. पाचशेचं काही नाही हो, पण स्कॅनरचा ड्रायव्हर आणि प्रिंटरची सेटिंग्ज परत बसवण्यात माझे दोन दिवस जातात, आणि सध्या सीझन आहे.

मशीन: आय३ चौथी पिढी, रॅम ८ जीबी, एसएसडी २४० जीबी, विंडोज १०.

---

निळी_शाई (सोमवार, रात्री ११.२०)

ताई, क्रोमच्या सेटिंगमध्ये 'सिस्टम'मध्ये जा आणि हार्डवेअर ॲक्सिलरेशन (चित्र-व्हिडिओचं काम ग्राफिक्स चिपवर टाकण्याची सोय) बंद करून क्रोम रिलाँच करा. ग्राफिक्सचा ड्रायव्हर जुना असला की असे प्रकार होतात. आणि इन्कॉग्निटोमध्येही, म्हणजे क्रोमच्या खासगी विंडोत, क्रॅश होतं का ते बघा. शिवाय विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा विंडोज ११ टाकून टाका. एका दगडात दोन पक्षी.

---

सांगलीचा_जावई (मंगळवार, सकाळी ७.४०)

निळी_शाई, विंडोज ११ ला इंटेलचं आठव्या पिढीपासून पुढचं प्रोसेसर लागतं. ताईंचं चौथ्या पिढीचं आहे. जुगाड करून बसवतात लोक, पण ज्या मशीनवर रोजचं पोट आहे त्यावर असले प्रयोग नकोत. आजार कळला नसताना घर बदलायला सांगताय तुम्ही.

ताई, दोन गोष्टी तपासा. सी ड्राइव्हवर किती जागा मोकळी आहे? आणि व्हर्च्युअल मेमरी म्हणजे पेजफाइल कोणी बंद केली आहे का? 'एसएसडी जास्त टिकते' असं ऐकून लोक ती बंद करतात आणि मग रॅम भरली की विंडोजला सामान ठेवायला जागाच उरत नाही, टॅब पटापट मरतात. मात्र तसं असेल तर एररमध्ये बहुतेक 'आउट ऑफ मेमरी' येतं.

म्हणून सगळ्यात महत्त्वाचं, तो बारीक अक्षरातला कोड नेमका काय आहे? तुम्ही एवढं सगळं लिहिलंत, तेवढंच नाही लिहिलं.

---

काउंटरवरची (मंगळवार, रात्री ९.१५)

चूक झाली. फॉर्म भरलेल्यांचे अर्ज क्रमांक लिहायला मी एक दोनशे पानी वही ठेवते, तिच्या मागच्या पानावर आज दिवसभर प्रत्येक क्रॅश मांडला. एकूण ११. स्टेटस ॲक्सेस व्हायोलेशन ६ वेळा, स्टेटस ब्रेकपॉइंट ३ वेळा, स्टेटस इलिगल इन्स्ट्रक्शन एकदा आणि काहीच न सांगता विंडो गायब एकदा. 'आउट ऑफ मेमरी' एकदाही नाही.

हार्डवेअर ॲक्सिलरेशन कालच बंद केलं होतं, म्हणजे हे ११ त्यानंतरचे. इन्कॉग्निटोमध्येही होतं. सी ड्राइव्हवर ९० जीबी मोकळी आहे. पेजफाइलच्या तिथे 'सिस्टम मॅनेज्ड' असंच लिहिलेलं दिसलं, मी हात लावला नाही.

एकाच साइटवर होतं असंही नाही. सातबारा काढताना झालं, स्कॉलरशिपच्या फॉर्मला झालं, रेल्वेचं तिकीट बघताना झालं. एकदा तर नुसती बातमी वाचत होते.

---

पाना_पक्कड (मंगळवार, रात्री ११.०५)

वही ठेवलीत हे फार बरं केलंत. त्या वहीतच निम्मं उत्तर आहे.

'ॲक्सेस व्हायोलेशन' म्हणजे प्रोग्रॅमने मेमरीतल्या अशा पत्त्यावर हात घातला जो त्याचा नव्हता, म्हणून विंडोजने त्याला जागेवर थांबवलं. विंडोजमध्ये याचा नंबर सी, पुढे सहा शून्यं आणि शेवटी पाच. 'इलिगल इन्स्ट्रक्शन' म्हणजे प्रोसेसरसमोर असा हुकूम आला की जो त्याच्या भाषेतच नाही. 'ब्रेकपॉइंट' बऱ्याचदा क्रोम स्वतःहून मारतं. आतला हिशेब जुळत नाही असं दिसलं की पुढे जाण्यापेक्षा मेलेलं बरं, असा तो प्रकार.

आता बघा. एक्स्टेंशनची खोड असती तर इन्कॉग्निटोमध्ये थांबलं असतं, कारण परवानगी दिल्याशिवाय एक्स्टेंशन तिथे चालत नाहीत. एखाद्या साइटची असती तर त्याच साइटवर झालं असतं. ग्राफिक्सची असती तर ॲक्सिलरेशन बंद केल्यावर निदान कमी झालं असतं. तुमच्याकडे तीन वेगळे एरर आहेत, वाटेल त्या साइटवर येतात, आणि सकाळी येत नाहीत, गर्दी झाली की येतात. मला हे ब्राउझरचं दुखणं वाटत नाही.

तीन प्रश्न. नीट आठवून उत्तर द्या.

१. फायरफॉक्स टाकून बघा. त्यातही टॅब मरतात का?

२. क्रोम सोडून दुसरं काही विचित्र वागतंय का? झिप फाइल उघडताना 'सीआरसी एरर' (फाइल बिघडल्याचा इशारा), पीडीएफ खराब निघणं, स्कॅन बिघडणं, निळी स्क्रीन, काहीही. स्टार्टमध्ये जाऊन इव्हेंट व्ह्यूअर उघडा, त्यात विंडोज लॉग्ज, मग ॲप्लिकेशन. लाल खुणेच्या नोंदी बघा. क्रोम आपल्या प्रत्येक मेलेल्या टॅबची नोंद तिथे करेलच असं नाही, पण बाकीचे प्रोग्रॅम करतात. त्यात 'फॉल्टिंग मॉड्यूल' म्हणून एक ओळ असते. प्रत्येक नोंदीत तेच नाव असेल तर दोष त्या सॉफ्टवेअरचा. दर वेळी नवं नाव असेल तर दोष खाली कुठेतरी, लोखंडात, म्हणजे हार्डवेअरमध्ये.

३. हा त्रास सुरू व्हायच्या आधी मशीन कोणी उघडलं होतं का?

---

काउंटरवरची (बुधवार, रात्री १०.३०)

तिसरा प्रश्न वाचून मी थोडा वेळ गप्पच बसले.

हो, उघडलं होतं. गणपतीत माझा भाचा पुण्याहून आला होता. "मामी, चार जीबीवर काय काम करतेस, मी आणलीय एक काडी" म्हणाला आणि अजून एक ४ जीबीची रॅम लावून दिली. जुन्या बाजारातून ६०० रुपयांत घेतलेली. पैसेही घेतले नाहीत त्याने. खरंच मशीन पळायला लागलं होतं, चहा घेऊन सगळ्यांना सांगितलंही मी. पहिल्या पोस्टमध्ये '८ जीबी' असं ऐटीत लिहिलं ते त्याचंच. तारखा जुळवल्या तर त्यानंतर चार-पाच दिवसांतच पहिला क्रॅश झालाय. पण मशीन जोरात चालायला लागलेलं, त्यामुळे त्याच्यावर संशय घ्यावा असं मनातच आलं नाही.

आता बाकीचं. फायरफॉक्स टाकलं. दुपारी दीडपर्यंत दोनदा टॅब मेला, त्यांचं पान वेगळं दिसतं एवढंच. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये गेल्या वीस दिवसांच्या १४ लाल नोंदी आहेत. स्कॅनरचा प्रोग्रॅम, पीडीएफ उघडणारा, एक्सप्लोरर, सगळेच आहेत. मॉड्यूलची नावं कागदावर लिहून काढली, १४ नोंदींत ११ वेगळी नावं.

आणि एक गोष्ट, जी मी स्कॅनरच्या नावावर खपवत होते. गेल्या आठवड्यात एका मुलाचा पासपोर्ट साइज फोटो स्कॅन केला. भुवयांपर्यंत बरोबर, त्याखाली अख्खा चेहरा हिरवट आणि बोटभर उजवीकडे सरकलेला. मी काच पुसली आणि परत स्कॅन केला, तर नीट आला. म्हटलं काचेवर काहीतरी असेल. आज जुने स्कॅन चाळले, तर असे अजून दोन सापडले, त्यातला एक फॉर्मसोबत गेलेलाही आहे.

---

पाना_पक्कड (बुधवार, रात्री ११.४०)

तो हिरवा चेहरा काचेवरच्या धुळीने होत नाही. जेपीजीत चित्र दाबून साठवलेलं असतं, एकापुढे एक, मागच्यावर पुढचं अवलंबून. मध्येच एक बिट उलटा झाला की तिथून खालचा सगळा भाग रंग आणि जागा चुकतो. धूळ असती तर डाग पडला असता.

४ जीबीच्या एका काडीत सुमारे ३,४३६ कोटी बिट असतात. त्यातले दोन-चार जरी नासके असले तरी पुरे. मग सकाळी का चालतं? एसटीत मागची एक सीट मोडकी आहे असं समजा. सकाळच्या गाडीला बारा माणसं, मागे कोणी जातच नाही. बाजाराच्या दिवशी गाडी भरली की कोणीतरी त्या सीटवर बसणार आणि आपटणार. तुमच्याकडे दहा टॅब, स्कॅनर आणि पीडीएफ एकदम उघडले की गाडी भरते. आणि क्रोम हा सगळ्यात जास्त सीटा अडवणारा प्रवासी, म्हणून आपटतोही तोच जास्त.

पण भाच्याला फोन करू नका अजून. आधी सिद्ध करू.

स्टार्टमध्ये 'मेमरी' एवढंच टाइप केलं की विंडोज मेमरी डायग्नोस्टिक दिसेल. सगळं सेव्ह करून ते चालवा. मशीन रिस्टार्ट होईल, निळ्या स्क्रीनवर तपासणी चालेल, घाबरू नका, ही ती निळी स्क्रीन नव्हे. दोष सापडला तर तिथेच सांगतं. मात्र 'काही सापडलं नाही' म्हणालं तरी विश्वास ठेवू नका, ते वरवरचं आहे. खरी तपासणी मेमटेस्ट८६+ ची. फुकट आहे, ओपन सोर्स आहे. दुसऱ्या कॉम्प्युटरवर पेनड्राइव्हमध्ये टाकून घ्या, कारण तुमच्या मशीनवर उतरवलेली फाइलच बिघडलेली असायची. पेनड्राइव्हवरून बूट करून रात्रभर चालू ठेवा. एक जरी ओळ लाल आली तरी रॅम नापास. यात पस्तीस टक्क्यांना पास नसतं.

दोन्ही काड्या एकत्र तपासू नका. आधी जुनी एकटी, मग नवी एकटी.

आणि तोवर कोणाचाही फॉर्म त्या मशीनवर भरू नका. टॅब मेला तर निदान कळतं. आकडा बदलून गेला तर कळणारही नाही.

---

निळी_शाई (गुरुवार, सकाळी ८.१०)

माझं ग्राफिक्सचं निदान मागे घेतो. पण एक सुचवतो. काडी काढलीच आहे तर तिचे सोनेरी दात खोडरबराने हलके घासा आणि परत लावा. आमच्या ऑफिसात अर्ध्या मशीन अशाच बऱ्या होतात. आणि जुनी १३३३ मेगाहर्ट्झ वेगाची आणि नवी १६०० ची असेल तर जोडी जमत नसेल.

---

सांगलीचा_जावई (गुरुवार, सकाळी ९.३०)

खोडरबर बरोबर. पण साधा पांढरा घ्या, शाईचा खरबरीत नको, मुलामा जातो. घासल्यावर भुकटी झटका, ती स्लॉटमध्ये गेली तर नवंच दुखणं. आणि त्याआधी मेन स्विच बंद करून वायर काढा, मग कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून अंगातली स्टॅटिक वीज जाऊ द्या.

१३३३ आणि १६०० एकत्र लावल्या तर दोन्ही १३३३ ने चालतात. सहसा त्याने असं होत नाही.

---

काउंटरवरची (शनिवार, रात्री ११.१५)

उशीर झाला, पण पूर्ण करूनच लिहायचं ठरवलं होतं.

गुरुवारी दुपारी तीनला शटर अर्धं ओढून मेमरी डायग्नोस्टिक लावलं. वीसेक टक्क्यांवरच लिहून आलं की हार्डवेअरमध्ये दोष सापडलाय. तेवढ्याने मला पटलं होतं, पण तुम्ही रात्रभर म्हणालात म्हणून शेजारच्या मोबाइलवाल्याच्या कॉम्प्युटरवरून पेनड्राइव्ह करून आणला.

कॅबिनेट उघडायला मी आयुष्यात पहिल्यांदा हात लावला. आत इतकी धूळ की उशी भरली असती. ती काडी निघेचना. दोन्ही बाजूंचे पांढरे कान मागे ओढायचे असतात हे मोबाइलवाल्याच्या पोराने दाखवलं, मग टचकन वर आली. गुरुवारी रात्री जुनी काडी एकटी ठेवून मेमटेस्ट लावला आणि घरी गेले. शुक्रवारी सकाळी येऊन बघते तर पासच्या पुढे ६ आणि एररच्या पुढे ०.

मग नवी एकटी लावली. देवासमोर उदबत्ती लावून मागे वळते तोवर स्क्रीनवर लाल ओळींची रांग. दहा मिनिटंही झाली नव्हती. खोडरबर मारला (लेकीचा, पांढरा), दुसऱ्या स्लॉटमध्ये बसवली, परत लाल. त्याच स्लॉटमध्ये जुनी लावली तर स्वच्छ. म्हणजे स्लॉट ठीक, काडीच नासकी.

भाच्याला फोन केला. त्याला म्हटलं, रागावले नाही, पण ही परत कर. तो म्हणाला, पंधरा दिवसांची टेस्टिंग वॉरंटी होती, ती संपली. मग काय, ६०० रुपये त्याचे गेले आणि तीन आठवडे माझे. काडीला कागद गुंडाळून त्यावर लाल पेनाने 'लावू नये' लिहून ड्रॉवरमध्ये टाकलीय. फेकून दिली तर दुसऱ्या कोणाच्या तरी मशीनमध्ये जाईल.

खराब रॅम असताना डिस्कवरही चुकीचं काही लिहिलं गेलं असेल असं वाटलं, म्हणून कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून एसएफसी स्कॅननाऊ (विंडोजच्या स्वतःच्या फाइल तपासून दुरुस्त करणारा हुकूम) चालवलं. काही फाइल खराब होत्या, दुरुस्त केल्या असं आलं. क्रोममध्ये जुनं प्रोफाइल टाकून नवं केलं. बुकमार्क आधी एक्सपोर्ट करून घेतले होते.

आज शनिवार, बाजाराचा दिवस, दुकान तुडुंब. ४ जीबीवर काम केलं. हळू चालतं, खोटं कशाला बोलू. परफॉर्मन्समधलं मेमरी सेव्हर चालू केलंय, आणि चारच टॅब उघडायचे असा नियम. फॉर्म चालू असलेली साइट मेमरी सेव्हरच्या 'या साइट चालू ठेवा' यादीत घालावी लागते, नाहीतर दुसऱ्या टॅबवर बराच वेळ राहिलं की तो टॅब झोपवतो आणि पान परत लोड होतं. हे सकाळी एकदा फटका बसल्यावर कळलं. वहीत आजच्या तारखेपुढे क्रॅश: ०.

हिरव्या चेहऱ्याचा जो फोटो फॉर्मसोबत गेला होता, त्या मुलीला फोन करून बोलावलं. फॉर्म अजून तपासणीत होता, दुरुस्तीची सोय होती, फोटो बदलला. त्या तीन आठवड्यांत काढलेले सगळे स्कॅन उद्या बसून एकेक बघणार आहे, दोनशेच्या वर आहेत. आजोबांचा दाखलाही आज भरला, एका फटक्यात. पैसे घेतले नाहीत.

नवी काडी घ्यायची आहे. कशी बघून घेऊ?

---

पाना_पक्कड (रविवार, सकाळी ८.५०)

शाब्बास ताई. सहा पास पूर्ण होईपर्यंत थांबणारी माणसं फार थोडी.

घेताना डीडीआर३ च (तुमच्या मशीनला चालणारा रॅमचा प्रकार), डेस्कटॉपची लांब काडी. लॅपटॉपची आखूड येते. जुनी घेतलीत तरी हरकत नाही, पण वॉरंटीचे पंधरा दिवस वापरून बघण्यात घालवू नका, घेतल्याच्या रात्रीच मेमटेस्ट लावा.

---

दुपारची_झोप (रविवार, दुपारी ३.२०)

माझ्याही लॅपटॉपवर ॲक्सेस व्हायोलेशन येतंय! म्हणजे माझीही रॅम गेली का? कोणी उघडला नाही लॅपटॉप. फक्त व्हिडिओ बघतानाच होतं.

---

काउंटरवरची (रविवार, दुपारी ४.००)

फक्त व्हिडिओलाच होत असेल तर आधी निळी_शाई यांचा उपाय करा, हार्डवेअर ॲक्सिलरेशन बंद आणि ग्राफिक्स ड्रायव्हर अपडेट. माझ्याकडे कामी नाही आला, तुमच्याकडे येईल. इन्कॉग्निटोतही बघा. आणि आजपासून एका कागदावर मांडा: वेळ, कुठली साइट, खाली काय कोड. दोन दिवसांचं इथे टाका, मग पाना_पक्कड बघतील.

मी आता दोनशे फोटो बघायला बसते.